चाकणचा कोट आणि चाकणचा बाजार

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

  हातातलं काम चालू असू द्या. भाजी निवडत निवडत ऐकलंत तरी चालेल, कारण आजचं बोलणं बाजाराचंच आहे.

आम्ही खेड तालुक्यातल्या बचत गटाच्या बायका. शनिवार आला की आमची पहाट लवकर होते. मेथीच्या जुड्या बांधायच्या, कोथिंबिरीवर पाणी मारून गोणपाट टाकायचा, पाट्या टेम्पोत चढवायच्या आणि दिवस उजाडायच्या आत चाकणला पोचायचं. उशीर झाला तर जागा गेली. मग उन्हात, गटाराच्या कडेला जिथे मिळेल तिथे बसायचं. अशी कित्येक वर्षं आम्ही चाकणला जात होतो. पण त्या बाजारापासून थोड्याच अंतरावर, घरांच्या दाटीत एक किल्ला आहे, तो आत शिरून पाहिला मात्र कधी नव्हता. मागच्या पावसाळ्यात गटातल्या एकीच्या मुलीला शाळेत किल्ल्यावर निबंध लिहायला सांगितला. ती म्हणाली, "आई, तू दर आठवड्याला जातेस ना चाकणला? मग सांग की संग्रामदुर्ग कसा आहे." आई गप्प झाली. आम्ही सगळ्याच गप्प झालो. पुढच्या शनिवारी माल लवकर विकला आणि रिकाम्या पाट्या डोक्यावर घेऊनच आम्ही कोट पाहायला गेलो.

मैत्रिणींनो, किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर येतो. शिवनेरी, राजगड, सिंहगड. चाकणचा किल्ला तसा नाही. हा भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवर बांधलेला. डोंगराचा आधार नाही म्हणून सगळी भिस्त तटावर, बुरुजांवर आणि भोवतीच्या खंदकावर. आत जायची वाट पूर्वेकडून, तीसुद्धा एकामागून एक दरवाजे ओलांडून. आज तटाचे काही भाग, बुरूज, दरवाजाचे अवशेष आणि आत दामोदर विष्णूचं मंदिर एवढं दिसतं. बाकी कोटाच्या अंगावर गाव वाढलं आहे.

आमच्यातली एक म्हातारी मावशी तटाला हात लावून म्हणाली, "अगं, डोंगर सोडून इथं उघड्या माळावर किल्ला कशाला बांधला असंल?"

हा प्रश्न खरा. त्याचं उत्तर शोधता शोधता आमच्या लक्षात आलं, की किल्ला इथे आहे तो वाटांमुळे. जिथे वाटा मिळतात तिथे बाजार भरतो आणि जिथे बाजार भरतो तिथे राखण लागते.

चाकण कुठे आहे ते पाहा. पुण्याहून जुन्नर-नाशिककडे जाणारी वाट इथून जाते. तळेगावकडून येऊन शिक्रापूरकडे, म्हणजे पुढे नगरच्या दिशेला जाणारी वाट तिला इथेच छेदते. पश्चिमेला सह्याद्रीचे घाट आणि खाली कोकण. कल्याणच्या बंदरात उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा आणि तिथून देशावर पसरायचा. त्या काळात माल बैलांच्या पाठीवरून जाई. लमाण-वंजाऱ्यांचे तांडे शेकडो बैल घेऊन चालत. मीठ वर यायचं, धान्य खाली जायचं. तांड्यात बायका असत, पोरंबाळं असत, सगळा संसारच वाटेवर.

नाणेघाटाची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्या कामाची आहे. तिथे घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीचे पैसे त्यात टाकत, असं लोक सांगतात. आणि जवळच्या लेण्यात सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा, शिलालेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा. तिने कोणते यज्ञ झाले, किती गाई दिल्या, किती घोडे दिले, किती नाणी दिली, हे सगळं आकड्यांसकट दगडावर कोरलेलं आहे. आपल्या देशात आकडे लिहिल्याच्या ज्या फार जुन्या खुणा सापडतात, त्यांत नाणेघाटचे आकडे मोडतात. आमच्या गटाची सचिव हे ऐकून हसायला लागली. म्हणाली, "म्हणजे बाईच्या नावानं हिशेब लिहायची रीत आपल्या तालुक्याच्या शेजारचीच आहे की! आणि आपण मासिक हिशेब लिहायचा तर भाच्याला बोलावतो." हसण्यावारी गेलं खरं, पण तो टोमणा आम्हाला लागला. तो पुढे येईलच.

आता कोटाकडे वळू. चाकणचं नाव बहामनी सुलतानांच्या काळापासून येतं. पंधराव्या शतकात बहामनींचा एक सरदार कोकण जिंकायला निघाला, त्याने आपलं मुख्य ठाणं चाकणला केलं. त्याचा किताब होता मलिक-उत्-तुज्जार. त्याचा अर्थ काय, माहीत आहे? व्यापाऱ्यांचा प्रमुख. किताब व्यापाराचा आणि काम लढाईचं! 1453 च्या सुमारास सह्याद्रीपलीकडच्या जंगलात त्याची फौज कापली गेली. पण चाकणचं महत्त्व कमी झालं नाही. पुढे निजामशाही आली, मग भोसल्यांच्या जहागिरीत पुणे-सुप्याबरोबर चाकण आलं आणि शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या काळात इथले किल्लेदार फिरंगोजी नरसाळा महाराजांना येऊन मिळाले. महाराजांनी किल्ला त्यांच्याकडेच ठेवला.

मग आलं 1660 साल. औरंगजेबाचा मामा शाइस्ताखान मोठी फौज घेऊन मे महिन्यात पुण्यात पोचला. एवढ्या फौजेला दाणा लागतो, वैरण लागते. मैत्रिणींनो, आपण घरात दहा पाहुणे आले तर पिठाच्या डब्यात डोकावतो. इथे हजारो माणसं, घोडी, हत्ती, उंट. हा सगळा दाणागोटा नगरकडून यायचा. त्या दिशेने चाकण मुघलांना सोयीचं आणि मराठ्यांच्या हातात राहिलं तर कायमची डोकेदुखी. म्हणून खान भर पावसाळ्यात, 21 जूनच्या सुमारास चाकणला येऊन बसला.

त्या वेळी महाराज कुठे होते? पन्हाळ्यावर, सिद्दी जौहरच्या वेढ्यात. 13 जुलैच्या रात्री ते निसटले, बाजीप्रभूंनी खिंड लढवली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्याच दिवसांत इकडे चाकणचा कोट एकटा लढत होता, हे आपल्या ध्यानात नसतं. मदत येण्यासारखी नव्हती. कोटात तीन-साडेतीनशे माणसं होती असं सांगतात. बाहेर चिखल, खंदक, तोफा. दिवसामागून दिवस गेले. डोंगराचा आधार नसलेला हा कोट पन्नासहून जास्त दिवस टिकला.

शेवटी मुघलांनी जमिनीखालून भुयार खणलं, ते बुरुजाच्या खाली नेलं आणि 14 ऑगस्टला सुरुंग उडवला. बुरूज हवेत उडाला. आता कोट पडलाच असं समजून फौज आत घुसली, तर आत मराठ्यांनी मातीचा आडोसा उभा करून ठेवला होता. त्या दिवशी ते तिथूनच लढले. दुसऱ्या दिवशी मात्र इलाज उरला नाही. कोट खाली झाला. मुघलांची 268 माणसं मेली आणि सहाशे जखमी झाली, अशी त्यांच्याच बाजूची नोंद आहे. खानाने फिरंगोजींची मर्दुमकी पाहून त्यांना बादशाही चाकरी देऊ केली. त्यांनी ती नाकारली आणि ते महाराजांकडे परत गेले. महाराजांनी किल्ला गेला म्हणून रागावण्याऐवजी त्यांचा मान राखला. खानाने चाकणचं नाव बदलून इस्लामाबाद ठेवलं. नाव टिकलं नाही. चाकण चाकणच राहिलं.

बखरींमध्ये लढणाऱ्यांची नावं येतात, दळणाऱ्यांची येत नाहीत. पण पन्नासहून जास्त दिवस शेकडो माणसं जगली ती कोणी तरी दळलं, रांधलं, पाणी भरलं म्हणूनच. एवढं आपण आपल्या अनुभवावरून म्हणू शकतो.

या लढाईतून आम्ही एक गोष्ट शिकलो. चाकण पाहिजे होतं ते दगडांसाठी नव्हे. धान्याची वाट ज्याच्या हातात, त्याच्या हातात मुलूख. हे महाराजांना नीट कळत होतं. 1671 सालचं त्यांचं एक पत्र आहे, मिठाबद्दलचं. पोर्तुगीजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्त येऊ लागलं, तर आपल्या मुलखातल्या मिठाचा धंदा बसेल. म्हणून बाहेरच्या मिठावर जकात वाढवा, असा हुकूम त्यांनी कुडाळच्या सरसुभेदारांना पाठवला. मीठ पिकवणाऱ्याच्या पोटाची काळजी राजाला होती. पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं. त्यात किल्ल्यांचं प्रकरण आहे आणि सावकार-व्यापाऱ्यांचंही आहे. पेठा वसवा, व्यापाऱ्यांना राखा, अशा अर्थाची शिकवण त्यात आहे. म्हणजे राज्य चालवणाऱ्यांनी कोट आणि बाजार हे दोन्ही एकाच पोथीत ठेवले.

1818 मध्ये इंग्रजांनी चाकणचा कोट घेतला. मग कोटाची गरज सरली, पण बाजाराची सरली नाही. कांदा, बटाटा, शेंगा, बैल, शेळ्या, सगळं चाकणला येतच राहिलं.

आता आपल्या काळातली गोष्ट, आमच्या सासवांनी डोळ्यांनी पाहिलेली. परदेशातली मोठी नोकरी सोडून शरद जोशी चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आले. शेतीत कांदा पिकवून पाहिला आणि हिशेब घातला, तर खर्चच निघेना. 1979 मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली ती इथे चाकणला. 26 जानेवारी 1980 रोजी भामनेरच्या खोऱ्यातल्या वांद्रे गावापासून चाकणपर्यंत साठेक किलोमीटरचा पायी मोर्चा निघाला. मागणी काय होती? पक्का रस्ता. माल बाजाराला न्यायला वाट द्या, एवढंच. त्या मोर्चात बायका चालल्या. आमच्यातल्या एकीची सासू सांगते, "भाकरी फडक्यात बांधल्या आन निघालो. पाय सुजलं, पण मागं कुणी फिरलं न्हाई." त्याच वर्षी मार्चमध्ये कांद्याच्या भावासाठी पुणे-नाशिक रस्ता अडवला गेला. जो रस्ता पूर्वी सुलतानांनी आणि मुघलांनी अडवला, तो या वेळी कांदा पिकवणाऱ्यांनी अडवला.

त्या चळवळीतून पुढे 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं आणि नंतर लक्ष्मीमुक्तीची हाक आली. घरातली लक्ष्मी शेतात राबते, तर तिच्या नावावर जमिनीचा तुकडा करा. हे सगळं आमच्या चाकणच्या मातीतून निघालं, हे आम्हाला त्या दिवशी कोटात बसून कळलं. लाज वाटली आणि अभिमानही वाटला.

मैत्रिणींनो, चाकणची वाट आता कारखान्यांची झाली आहे. याची सुरुवात पिंपरीपासून. 1954 मध्ये तिथे पेनिसिलीनचा सरकारी कारखाना आला, मग एमआयडीसी, मोटारींचे आणि स्कूटरचे कारखाने. 1970 मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, 1982 मध्ये महानगरपालिका. पिंपरीत जागा पुरेना तसे कारखाने चाकणकडे सरकले. 2009 मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ आणखी आले. आज त्या जुन्या वाटेवर बैलांच्या तांड्याऐवजी नव्या गाड्या लादलेले लांबच लांब कंटेनर रांगेत उभे असतात आणि त्या रांगेत आमचा भाजीचा टेम्पोही अडकतो. मेथी सुकते.

कारखान्यांनी पोरांना काम दिलं, हे खोटं नाही. भाड्याच्या खोल्या, डबे, मेस यांतून कितीतरी बायकांची चूल चालते. आमच्या गटातल्या चौघी कामगारांचे डबे करतात. पण वाटेची किंमत वाढली की वाटेवरच्या जमिनीचीही किंमत वाढते, आणि मग घराघरात कागद फिरायला लागतात.

आमच्यातल्या एका ताईची गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. रक्षाबंधनाला माहेरी गेली. पुरणपोळी झाली, साडी झाली आणि संध्याकाळी भावाने कागद पुढे केला. "ताई, इथं अंगठा दे, नुसती औपचारिकता आहे." तो हक्कसोड होता. माहेरची जमीन रस्त्यालगतची, तिचा भाव काय असेल ते तुम्ही समजा. ताईने अंगठा उठवला नाही. म्हणाली, "दादा, मी वाचून घेते, मग बघू." भाऊ वर्षभर बोलला नाही. यंदा बोलला. हिस्सा अजून ठरायचा आहे, पण कागदावर तिचं नाव राहिलं. 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. हक्क सोडायचा की नाही, हा तिचा निर्णय. पण न वाचता सोडला, तर तो निर्णय तिचा राहत नाही. प्रेमाने सोडणाऱ्या बहिणीला आम्ही नावं ठेवत नाही. आम्ही एवढंच म्हणतो, की कागद घरी आणा, गटात वाचा आणि मग काय ते ठरवा.

दुसरी गोष्ट काट्याची. दोन वर्षांपूर्वी आमचा वाटाणा एका व्यापाऱ्याच्या काट्यावर दर पोत्यामागे कमी भरत होता. आम्ही घरी मोजून न्यायचो आणि तिथे वजन उतरायचं. विचारलं तर म्हणे, "ओला माल आहे, सुकतो." एका रात्रीत इतका? मग गटाच्या पैशातून आम्ही स्वतःचा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला आणि त्याच्यावर वैधमापन खात्याचा शिक्का करून घेतला. तो शिक्का दरवर्षी नवा करून घ्यावा लागतो, हे विसरू नका. पुढच्या वेळी आम्ही सहाजणी काटा घेऊन गेलो. भांडण केलं नाही. फक्त त्यांच्या काट्याशेजारी आपला काटा ठेवला. त्या दिवसापासून वजन जुळायला लागलं. आणखी एक ध्यानात ठेवा. 2016 मध्ये राज्याने नियम बदलला, तेव्हापासून फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही, ती खरेदीदाराने द्यायची. पट्टी हातात आली की खिशात घालू नका, आधी वाचा.

तिसरी गोष्ट बसायच्या जागेची. रस्त्यावर बसून विकणाऱ्यांसाठी 2014 चा केंद्राचा कायदा आहे. शहरात पथविक्रेता समिती असते. तिच्यात निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांमधले असायला हवेत आणि त्यांतला तिसरा हिस्सा बायकांचा. विक्रेत्यांची पाहणी करून प्रमाणपत्र द्यायचं, हेही त्यात आहे. नगरपरिषदेत जाऊन आपलं नाव नोंदलं का, समिती आहे का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. आणि जागेचे पैसे कोणी मागितले, तर पावती मागा. आम्ही पावती मागायला लागल्यावर एक मागणारा पुन्हा फिरकलाच नाही.

त्या दिवशी कोटातून निघताना म्हातारी मावशी पुन्हा तटाकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "येवढी मोठी भिंत बांधली, तरी खालनं सुरुंग लागलाच." आम्ही काही बोललो नाही. घरी येईपर्यंत मात्र सगळ्यांच्या मनात तेच. खोटा काटा, न वाचलेला कागद, न मागितलेली पावती, हे आपल्या घराखालचे सुरुंगच. ते आवाज न करता खणले जातात. कोटातल्या माणसांनी बुरूज उडायच्या आधीच आत दुसरा आडोसा रचून ठेवला होता. आपला आडोसा म्हणजे आपला गट.

म्हणून आम्ही तीन गोष्टी सुरू केल्या आहेत. गटाचा हिशेब आता आमच्यातल्याच दोघी लिहितात, भाच्याला बोलावत नाही. पहिल्या महिन्यात बेरीज तीनदा चुकली, चौथ्यांदा बरोबर आली. दर महिन्याच्या बैठकीत एकीच्या घरचा सातबारा आणायचा आणि सगळ्यांनी मिळून वाचायचा. आतापर्यंत अकरा वाचले. त्यांत बाईचं नाव असलेले तीन निघाले. आणि वर्षातून एकदा, ऑगस्ट महिन्यात, पोरींना घेऊन संग्रामदुर्गावर जायचं. जाताना झाडू न्यायचा. आम्ही पहिल्या खेपेला प्लॅस्टिकच्या पिशव्यांची दोन पोती भरली. दगड हलवायचे नाहीत, गवत पेटवायचं नाही, तटावर चढायचं नाही, कारण जुन्या भिंतीला हात लावणं जाणकारांचं काम आहे.

त्या मुलीने निबंध लिहिला. शेवटी तिने लिहिलं होतं, की माझी आई दर शनिवारी किल्ल्याच्या बाजाराला जाते. आईने ते वाचून घेतलं, दोनदा.

मैत्रिणींनो, तुमच्या गावाजवळही एखादा पडका वाडा, वेस, गढी किंवा जुनी पेठ असेल. तिथून कोणता माल जात होता, वाट कुणीकडे जात होती, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आम्हाला कळवलंत तर इथे वाचून दाखवू. आणि येत्या शनिवारी चाकणला आलात, तर आमच्याकडे चहाला या. काटा आमच्याजवळ असतो, वजन करून घ्यायला लाजू नका.

रामराम.